फ्लूची लस कधी घ्यावी? पनवेलकरांसाठी चार शब्द

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे माझा संबंध मुदती आणि तारखा यांच्याशी. आजचा विषयही तारखेचाच आहे, म्हणून बोलण्याचं धाडस करतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा संस्थेपुढचा मोठा प्रश्न मुलांच्या सायकली कुठे लावायच्या हा होता. आज लिफ्ट बंद पडली तर निम्म्या मजल्यांवरून फोन येतात. आपण सगळे एकदमच म्हातारे झालो, मंडळी! पासष्टीच्या पुढच्या माणसाला, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्याला, गरोदर बाईला आणि पाच वर्षांखालच्या मुलाला फ्लू जड जातो. ही यादी वाचली तर आपल्या प्रत्येक विंगमधलं जवळजवळ प्रत्येक घर तिच्यात बसतं.

फ्लू म्हणजे नुसती सर्दी नव्हे, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १९१८ साली जूनमध्ये मुंबईत साथ सुरू झाली, थोडी ओसरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भयंकर रूपात परत आली. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत तिला ‘मानमोडी’ म्हणत. देशात सव्वा कोटीहून अधिक माणसं गेली असं मानतात. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. तसं दुसरं दशक आपल्या जनगणनेत नाही. आणि २००९ तर आपल्या सर्वांना आठवतं. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात गेला, शाळा आणि चित्रपटगृहं बंद झाली, दुकानांत मास्क मिळेनासे झाले.

आता महिन्यांकडे लक्ष द्या. जून, ऑगस्ट, सप्टेंबर. हे आपले पावसाचे महिने आहेत.

परदेशातली मुलं फोनवर सांगतात, “बाबा, ऑक्टोबर आला, फ्लू शॉट घ्या.” त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. अमेरिका-युरोपात फ्लू थंडीत येतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. हवा थंड आणि कोरडी असते, तशा हवेत विषाणू जास्त काळ टिकतो आणि माणसं दारं-खिडक्या लावून घरात बसतात. ऑस्ट्रेलियात थंडी जून ते ऑगस्टमध्ये पडते, म्हणून तिथली माणसं एप्रिल-मेमध्येच लस घेतात.

मग आपलं काय? आपल्याकडे कडक थंडी नाही, पण पावसाळा आहे. चार महिने दमट हवा, बंद खिडक्या, भरलेले वर्ग आणि पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये पाऊस आत येऊ नये म्हणून खाली ओढलेल्या काचा. एकाची शिंक म्हणजे सगळ्या डब्याची शिंक.

हा माझा अंदाज नाही बरं का. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इतर संस्थांबरोबर २००९ ते २०१३ या काळात दहा शहरांतल्या ताप-खोकल्याच्या ४४ हजारांहून जास्त रुग्णांच्या तपासण्या केल्या. त्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांना खरोखर फ्लू होता. पुणे, नागपूर, दिल्ली, लखनौ, कोलकाता, दिब्रुगड आणि केरळातलं अलप्पुळा इथे साथीचा जोर जुलै ते सप्टेंबरमध्ये दिसला. चेन्नई आणि वेल्लोरला तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होता, कारण त्यांचा मुख्य पाऊसच तेव्हा पडतो. एकट्या श्रीनगरला तो जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे युरोपासारखा थंडीत. म्हणून त्यांचा निष्कर्ष असा की, देशाच्या बहुतेक भागांत लस एप्रिल-मेमध्ये द्यावी आणि श्रीनगरला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.

गंमत पाहा. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात, पण लसीच्या बाबतीत पनवेलच्या सासूचं वेळापत्रक सिडनीच्या सुनेशी जुळतं, न्यू जर्सीच्या मुलाशी जुळत नाही!

तारखेला एवढं महत्त्व का, तर दोन कारणं. एक, लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. दुसरं, ते संरक्षण काही महिन्यांत हळूहळू उतरतं. ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या लसीचा जोर पुढच्या ऑगस्टपर्यंत बराच ओसरलेला असतो. म्हणजे विम्याचा हप्ता वेळेवर भरला, पण ज्या महिन्यांत गरज होती त्या महिन्यांत पॉलिसी अशक्त!

शिवाय विषाणू दरवर्षी रूप बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचा मसाला ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. ठरल्यापासून लस हातात यायला सहाएक महिने जातात. तेव्हा मे महिन्यात लस घेताना डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: ही सर्वांत नव्या मिश्रणाची आहे का, आणि बाटलीवरची मुदत किती उरली आहे? मागच्या हंगामातली मुदत संपत आलेली लस घेण्यात शहाणपण नाही.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगतो. पहिली, फ्लू वेळापत्रक तंतोतंत पाळत नाही. आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्येही एक लाट येते. २०१५ च्या सुरुवातीला एच१एन१ ने आणि २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ ने ते दाखवून दिलं. म्हणून ज्याची मे महिन्याची संधी हुकली त्याने पुढच्या मेपर्यंत थांबू नये, डॉक्टरांना विचारून घेऊन टाकावी. हिवाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनीही जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावं.

दुसरी, लस म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. मिश्रण चांगलं जुळलं त्या वर्षी आजार होण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, वयस्करांमध्ये त्याहूनही कमी. पण लस घेतलेल्याला फ्लू झाला तरी तो बहुधा सौम्य जातो, आणि आपल्या वयाला घरी पडून बरं होणं व न्यूमोनियाने आयसीयूत जाणं यांतला फरक फार मोठा आहे. गेल्या ऑगस्टमध्ये आपल्याच इमारतीतल्या एका काकांना अकरा दिवस दवाखान्यात काढावे लागले. काकू रोज डबा घेऊन पावसातून जात होत्या, ते आपण सर्वांनी पाहिलं आहे.

आता मुद्द्याचं. आपलं आरोग्य शिबिर दरवर्षी नवरात्रीच्या आसपास होतं. रक्तदाब, साखर, डोळे यांसाठी ते तसंच राहू द्या. पण फ्लूची लस त्यातून वेगळी काढावी अशी माझी सूचना आहे. मेमध्ये निम्मी संस्था गावी आंबे खायला जाते हे मला ठाऊक आहे, म्हणून दोन रविवार ठेवावेत, एक एप्रिलच्या शेवटी आणि एक मेच्या तिसऱ्या आठवड्यात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, त्याच सुमारास शाळा उघडतात. मधले दोन आठवडे संरक्षण तयार व्हायला पुरतात.

आणखी एक. आपले वॉचमन, सफाई कामगार आणि घरकामाच्या ताई रोज दहा घरांत वावरतात. लस स्वस्त नाही, त्यांना ती परवडणार नाही. रौप्यमहोत्सवी निधीतून त्यांचा खर्च संस्थेने करावा. यात उपकार काही नाहीत. ते निरोगी राहिले तर आपणही राहू.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. कोणीतरी अनुमोदन द्या, एवढीच विनंती. आणि ज्यांना ॲलर्जी किंवा इतर काही त्रास आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा, माझ्यावर विसंबू नका.