आधी बर्थ उचला

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्स हे शहर आहे. 2023 च्या उन्हाळ्यात, 30 जूनपासून 30 जुलैपर्यंत, सलग 31 दिवस तिथला पारा रोज 110 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे 43 अंश सेल्सियसपर्यंत, किंवा त्याहून वर गेला. या शहरातून आय-10 महामार्ग जातो आणि त्यावर रात्रंदिवस अठरा चाकांचे ट्रक धावतात. चालकाच्या सीटमागे एक छोटी खोली असते. बिछाना, कपाट, दिवा, कुणाकडे छोटा फ्रिज. हा स्लीपर. कित्येक चालकांचं आठवडेच्या आठवडे हेच घर असतं.

तिथली झोप कायद्यात लिहिलेली आहे. सलग 10 तास सुट्टी घेतल्यावरच चालकाला पुढचे 11 तास गाडी चालवता येते. विश्रांती दोन तुकड्यांत घ्यायची असेल, तर त्यातले निदान 7 तास सलग बर्थवरच काढावे लागतात. रात्री गाडी हाकणाऱ्याची ही झोप भर दुपारी येते, उन्हात तापलेल्या पत्र्याच्या आत. संध्याकाळी हाच माणूस 36 टनांची गाडी घेऊन पुन्हा रस्त्यावर उतरतो. तो झोपला होता की घामाने निथळत नुसता पडून होता, याच्याशी त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाचा संबंध आहे.

आता तक्रार ऐका. ‘मागे कूलिंग येत नाही.’ उत्तरही ठरलेलं: ‘गॅस भरून घ्या.’ आजची सगळी मिनिटं या एका उत्तराविरुद्ध खर्च करायची आहेत.

गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि घरात दोन नळ, एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीघरात. स्वयंपाकघरातला नळ धो-धो वाहतोय आणि न्हाणीघरातला ठिबकतोय. कुठली गृहिणी अशा वेळी टँकर मागवेल? ती न्हाणीघरातल्या नळाची जाळी काढून बघेल. मोठ्या स्लीपर ट्रकांत बहुधा हीच रचना असते. कॉम्प्रेसर एक, पुढची कंडेन्सरची जाळी एक, गॅस एकच. पण कूलिंग कॉइल दोन, ब्लोअर दोन, एक्स्पान्शन व्हॉल्व्हही दोन. एक संच डॅशबोर्डमध्ये आणि दुसरा मागे, बर्थच्या खाली. म्हणून पहिला प्रश्न हाच: पुढे गार आहे का? पुढे चांगलं गार असेल तर कॉम्प्रेसर चालतो आहे, कंडेन्सर उष्णता बाहेर टाकतो आहे, टाकीत पाणी आहे. दुखणं मागच्या फांदीत शोधायचं. गॅस थोडा कमी झाला की त्याची झळ कधी कधी आधी मागच्या, लांबच्या कॉइलला बसते, हे खरं. पण ते गेज लावून कळतं, अंदाजाने नव्हे.

मग बर्थ उचलायचा. गादी सरकवली, फळी वर केली की बऱ्याच गाड्यांत हवा आत ओढणारी जाळी आणि फिल्टर दिसतो. पुष्कळदा फिल्टर दिसतच नाही, त्याच्या जागी करड्या लोकरीची घोंगडी अंथरल्यासारखं काही दिसतं. ब्लँकेटचे तंतू, चादरींचा भुसा, केस. अमेरिकेत पुष्कळ चालक सोबत कुत्रा ठेवतात, त्याचेही केस. कोपऱ्यातून चिमटीत धरून ओढलं तर सगळा थर एका तुकड्यात निघून येतो. याच जाळीसमोर कुणी बुटांचा खोका ठेवलेला असतो, कुणी पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा. हवा यायची कुठून?

या चोंदलेल्या फिल्टरची एक खोड चांगल्या मेकॅनिकलाही चकवते. पहिला तासभर मागे छान गार वाटतं, मग वारा मंदावत जातो आणि शेवटी ब्लोअरचा नुसता आवाज उरतो. कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, म्हणून कॉइलवरच्या दवाचा बर्फ होतो आणि तो उरलेली वाटही बुजवतो. एसी बंद करून अर्धा तास थांबलं की गाडीखाली पाणी टपटपतं आणि गारवा परत येतो. इथे गॅस भरून काय होणार? कॉइलचं तापमान पाहणारा सेन्सर बिघडला तरी असाच बर्फ धरतो. पण फिल्टर आधी. तो हाताने निघतो.

टाकीच्या घरात गीझरही असतो, त्याला विसरून चालणार नाही. गार पाण्याचा नळ सोडलाय, पण मिक्सरमधून गीझरचं गरम पाणीही झिरपतंय, तर हाताला कोमटच लागणार. मागच्या संचात कूलिंग कॉइलच्या शेजारीच हीटरची कॉइल असते आणि तिच्यात इंजिनाचं तापलेलं पाणी येतं. ते अडवणारा व्हॉल्व्ह नीट बसला नाही, किंवा गार-गरम हवेच्या मधला पडदा अर्ध्यावर अडकला, तर एसी आणि हीटर एकाच वेळी चालतात. व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत नियंत्रण पूर्ण गारवर ठेवूनही हीटरचे दोन्ही पाइप चटका देत असतील तर चोर सापडला. काही ट्रकांत ही लाइन हाताने बंद करण्याचे कॉक असतात. ते उन्हाळ्यात फिरवून ठेवले तरी काम भागतं. आणि ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावरच फिरत असेल तर आधी त्याचा रेझिस्टर पाहावा.

पुन्हा गॅसकडे येऊ, कारण नेमकी हीच गोष्ट कानाआड होते. एसीतला गॅस डिझेलसारखा जळत नाही, संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे. टाकी रात्रीत रिकामी झाली तर आपण भिंतीवर ओल शोधतो. इथे ओल म्हणजे तेल, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. मागे जाणारे पाइप चासीच्या कडेने लांबवर गेलेले असतात, घासतात. सांध्यावर तेलकट काळा डाग दिसला की तिथे बोट ठेवावं. गळती न काढता भरलेला गॅस पुन्हा जातो, तेलही जातं आणि मग कोरडा पडलेला कॉम्प्रेसर जॅम होतो.

अमेरिकेत आर-134ए या एसीच्या गॅसचे छोटे डबे दुकानात मिळतात, घाईतला चालक स्वतःच एक ओततो. गॅस जास्त झाला की दाब चढतो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि मग पुढचाही गारवा जातो. एका नळाचं दुखणं दोन्ही नळांना लागतं.

दोन्हीकडे गरम असेल तर गोष्ट वेगळी. गाडी पळताना गार आणि थांबल्यावर गरम, असं असेल तर पुढची कंडेन्सरची जाळी किड्यांनी, धुळीने भरलेली असते किंवा इंजिनाचा पंखा वेळेवर लागत नाही. जाळीवर पाणी मारून पाहावं. गारवा सुधारला तर हवाच कमी पडत होती.

इंजिन बंद ठेवून झोपण्याचा विषय मोठा आहे. कॅलिफोर्नियात 2008 पासून, काही इंजिनं वगळता, झोपेसाठीसुद्धा पाच मिनिटांपेक्षा जास्त इंजिन चालू ठेवता येत नाही. म्हणून वेगळा, बॅटरीवरचा किंवा छोट्या इंजिनावरचा एसी आला, आणि त्याची टाकीच निराळी... पण घड्याळ पुढे सरकलंय.

आपल्याकडेही डिसेंबर 2023 मध्ये ट्रकांच्या एसीबद्दल अधिसूचना निघाली. 2025 मध्ये साडेतीन टनांहून जड नव्या मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. नवी मुंबईतल्या कळंबोलीच्या गॅरेजांत आता हीच तक्रार येईल. आपल्या गाड्यांत बर्थ सीटमागे असतो आणि संच बहुधा एकच, डॅशबोर्डमधला. तरी फिल्टर तोच, जाळी तीच, गळतीही तीच. गॅरेजवाल्या दादांनो, सिलिंडर आणण्याआधी एवढं पाहा.

आणि एक राहिलं. कॉइलवरचं पाणी गाडीखाली सोडणारी एक बारीक नळी असते. ती चिखलाने तुंबली की पाणी आत उतरतं आणि गालिचा भिजतो. तो ओला गालिचा दाखवून ‘गॅस गळतोय’ असं सांगितलं जातं. गॅस गळून गालिचा भिजत नाही. ते हवेतलं पाणी आहे. गाडीखाली वाकून ती नळी शोधा आणि मऊ तारेने मोकळी करा.