मत्स्यशेती परिषद, जालना : स्वागताध्यक्षांचे भाषण



'जालना सोने का पालना' म्हणून नावाजलेल्या आमच्या शहरात आपले मनःपूर्वक स्वागत. सळई आणि बियाणे यांमुळे देश आम्हाला ओळखतो. इथे महिको ही बियाणे कंपनी उभी करणारे बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मासळीसाठी मात्र आमचे नाव कुणी घेत नाही. तरी अंबडची मत्स्योदरी देवी आमची आणि तिची टेकडीही माशाच्या आकाराची. एवढ्या पुण्याईवर मी हे पद स्वीकारले.

पण माझा खरा जीव मोती तलावावर. मलिक अंबरच्या काळात जमशेदखान इथला कारभार पाहत. त्यांनी मशीद बांधली, हमाम बांधला, सराई बांधली आणि हा तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी आणले. ना वीज, ना पंप! पुढे निजामकाळात घाणेवाडीचा तलाव झाला. त्याचेही पाणी उताराच्या जोरावर शहरात आले. आज जमशेदखानांची आठवण किती जालनेकर काढतात? यावर मी तासभर बोललो असतो, पण 'आता माशांवर या' अशी संयोजकांची चिठ्ठी आली आहे.

पाण्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यात घनमीटरमागे बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, किती सोडायची, हा आपला विषय. कमी सोडली तर पिंजऱ्याचा खर्च अंगावर येतो. जास्त सोडली तर पहाटे पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे वर येऊन तोंड मारू लागतात, खाद्य संपते आणि वजन काही भरत नाही. शिवाय धरणातल्या पिंजऱ्याचा आकडा शेततळ्याला जसाच्या तसा चालत नाही. आमचे अस्तराचे तळे साधारण तीस बाय तीस मीटरचे. कडवंचीसारख्या गावात ते आधी द्राक्षासाठी, इतरत्र मोसंबीसाठी. उन्हाळ्यात बागेला पाणी दिले की तळे खाली जाते. मासे तेवढेच, आणि तोवर अंगाने वाढलेले.

आता क्षमायाचना. प्रतिनिधी अपेक्षेहून जास्त आले, त्यामुळे तिघांच्या खोलीत पाच जण आहेत. परिषदेच्या विषयाचाच प्रयोग समजून सोसावे. मंगल कार्यालयाच्या नियमामुळे जेवण शाकाहारी आहे. मत्स्य परिषदेत वांग्याची भाजी वाढताना आम्हालाही संकोच वाटतो. पंखे कमी पडतील, पिण्याच्या पाण्याचे जार मात्र कमी पडणार नाहीत.

सळईचे कारखानदार, बियाणे कंपन्या, मोंढ्यातले आडते, मंडपवाले, आचारी आणि गाद्या-उशा पुरवणारे शेजारी या सर्वांचे आभार. ज्यांचे नाव राहिले, त्यांनी रागावू नये. देणगीची पावती नक्की मिळेल.

शास्त्रज्ञांना एकच विनंती. भरल्या तळ्याचा आकडा जरूर द्या. पण एप्रिलमध्ये तळे निम्म्यावर आल्यावर पिंजऱ्यात किती मासे ठेवायचे आणि किती आधीच विकायचे, हेही सांगून जा. आमच्या शेतकऱ्याला तोच आकडा हवा आहे.