निवृत्तीचा ताळेबंद
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे हा संस्थेच्या आयुष्यात उमेदीचा काळ मानला जातो. व्यक्तीच्या आयुष्यात मात्र पन्नाशी उलटली की हिशेब मांडण्याची वेळ येते. आपल्या ट्रस्टची आजवरची वाटचाल ज्यांच्या बळावर झाली, त्यांतील अनेक ज्येष्ठांनी उत्तरायुष्यातील वेळ आणि धन येथे वेचले. म्हणूनच सुवर्णमहोत्सवी वर्षात ‘निवृत्ती’ या विषयाचे चिंतन औचित्यपूर्ण ठरते.

नोकरदाराला निवृत्तीची तारीख आधीच ठाऊक असते. त्या दिवशी हार घातला जातो, निरोपाची भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दुसरा बसतो. व्यापाऱ्याला ही तारीख कोणी देत नाही. सत्तरी ओलांडली तरी तो सकाळी दुकानाच्या गादीवर येऊन बसतो, गल्ल्याची किल्ली कमरेलाच असते आणि पन्नाशीला आलेला मुलगा मालाची मागणी नोंदवण्यापूर्वी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहतो. बाहेरून हे एकत्र कुटुंबाचे वैभव भासते. आत मात्र मुलाची उमेद आणि वडिलांची शांती या दोन्ही गोष्टी रोज थोड्या थोड्या खर्ची पडत असतात. शेवटी जी वाटणी घरात बसून प्रेमाने व्हायची, ती वकिलांच्या दालनात होते. काम केव्हा सोडावे, कोणाच्या हाती सोपवावे आणि सोडल्यानंतर काय धरावे, हे तीन प्रश्न प्रत्येक व्यापारी कुटुंबासमोर कधी ना कधी उभे राहतातच.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी परदेशी पुस्तकांकडे धाव घेण्याचे कारण नाही. उपासकदशांग या सातव्या अंगसूत्रात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आली आहेत. त्यांतील पहिले चरित्र वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाचे. त्याची संपत्ती बारा कोटी सुवर्णमुद्रांची. त्यांपैकी चार कोटी निधीत ठेवलेल्या, चार कोटी व्याज-व्यवहारात गुंतवलेल्या आणि चार कोटी घरातील वैभवात होत्या. मालाची ने-आण करणाऱ्या शेकडो गाड्या त्याच्या पदरी होत्या. भगवंतांच्या उपदेशाने त्याने श्रावकाची बारा व्रते स्वीकारली आणि आपल्या परिग्रहाला मर्यादा घातली. त्याची पत्नी शिवानंदा हिनेही तीच व्रते घेतली. उभयतांनी मिळून हा मार्ग धरला, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

व्रते घेतल्याबरोबर आनंदाने घर सोडले नाही. चौदा वर्षे तो व्यापार आणि संसार सांभाळत, व्रते पाळत राहिला. पंधराव्या वर्षी त्याने आप्तेष्टांना व स्नेह्यांना घरी बोलावले, त्यांना आदराने भोजन दिले आणि सर्वांच्या समक्ष ज्येष्ठ पुत्रावर कुटुंबाचा भार सोपवला. त्याच वेळी त्याने सर्वांना सांगितले की, यापुढे कोणत्याही कामात आपल्याला विचारू नये, सल्ला घेऊ नये. त्यानंतर तो कोल्लाग सन्निवेशातील पौषधशाळेत जाऊन धर्माराधनेत रमला.

या कथेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, निवृत्ती ही एका दिवसाची घटना दिसत असली तरी तिची पूर्वतयारी दीर्घ असते. आनंदाला चौदा वर्षे लागली. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. दुकान सोडणे सोपे, सल्ला सोडणे कठीण. श्रावकाच्या अकरा प्रतिमा सर्व परंपरांना मान्य आहेत; त्यांच्या नावांत व क्रमात थोडा भेद आढळतो. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारातील क्रम पाहिला तर आठवी प्रतिमा आरंभत्यागाची आहे. त्यात व्यापार-उद्योग सुटतो. नववी परिग्रहत्यागाची, तेथे धनावरील ममत्व सुटते. त्यानंतर दहावी येते ती अनुमतित्यागाची. संसारातील व्यवहारांना संमती देणे वा आपले मत लादणे तेथे थांबते. धंदा आठव्या पायरीवर सुटतो, धन नवव्या पायरीवर. ‘माझे ऐका’ हा आग्रह सुटायला दहावी पायरी लागते! मनुष्यस्वभावाचे केवढे सूक्ष्म निरीक्षण या क्रमात आहे. प्रतिमाधारी होणे सर्वांना शक्य नसले, तरी त्या कोणत्या दिशेला नेतात हे प्रत्येक गृहस्थाला जाणता येते. मुलाने चुकीच्या भावाने माल उचलला तर तोटा एका हंगामाचा होतो. पण त्याला चुकूच दिले नाही तर तो आयुष्यभर शिकाऊच राहतो. मुलाने विचारले तर मोकळ्या मनाने सांगावे आणि न विचारता सांगण्याचा मोह आवरावा, एवढा संयम साधला तरी घराचे वातावरण पालटते.

आता संपत्तीच्या वाटणीचा विचार. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात गृहस्थाच्या त्रेपन्न गर्भान्वय क्रियांचे वर्णन केले आहे. त्यांत ‘गृहत्याग’ नावाची क्रिया आहे. सिद्धपूजा करून, मान्यवरांना साक्षीला बोलावून पित्याने पुत्राच्या हाती सर्व सोपवावे आणि द्रव्याचे तीन भाग करावेत, असे तेथे सांगितले आहे. एक भाग धर्मकार्यासाठी, दुसरा घरखर्चासाठी आणि तिसरा भावंडांमध्ये वाटण्यासाठी. या तिसऱ्या भागात मुलींचा वाटा मुलांइतकाच असावा, असे आचार्यांनी निःसंदिग्धपणे म्हटले आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ साली झाला आणि तो जैनांनाही लागू आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबर जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली आली. ज्या समाजाच्या पुराणात ही समानता अकराशे वर्षांपूर्वी लिहिली गेली, त्या समाजात आजही लेकीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई होत असेल, तर ती वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या हयातीत थांबवली पाहिजे.

तीन भागांतील दुसरा भागही तितकाच मोलाचा आहे. भावनेच्या भरात सर्वस्व मुलांच्या नावे करून नंतर औषधाच्या पैशांसाठी हात पसरावा लागणे, ही निवृत्ती नव्हे. स्वतःच्या आणि सहधर्मचारिणीच्या निर्वाहाची तजवीज आधी करावी. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयी २००७ साली झालेल्या कायद्यानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत ती अट मोडल्यास रद्द ठरवून घेता येते. परंतु ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. प्रेम असलेल्या घरात लेखी कागदाने प्रेम कमी होत नाही, संशय मात्र कमी होतो.

पहिला भाग धर्मकार्याचा. दान कसे करावे याचा एक उत्तम आदर्श महाराष्ट्राच्याच भूमीवर आहे. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी संसारातून उदासीन होऊन धर्मकार्याला वाहून घेतले होते. न्यायाने मिळवलेली संपत्ती धर्म व समाजाच्या उन्नतीसाठी वापरावी, अशी प्रबळ इच्छा त्यांना १९४० साली झाली. तथापि त्यांनी लगेच थैली मोकळी केली नाही. अनेक विद्वानांना प्रत्यक्ष भेटून व पत्रे लिहून, कोणत्या कार्याला या धनाची खरी गरज आहे, याविषयी त्यांनी मते गोळा केली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथ सिद्धक्षेत्री विद्वानांना पाचारण करून त्यांच्यासमोर हा विषय ठेवला. त्या विचारमंथनातून जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना झाली आणि त्यांनी तीस हजार रुपयांचे दान जाहीर केले. पुढे १९४४ साली सुमारे दोन लाखांची आपली संपूर्ण संपत्ती त्यांनी ट्रस्टरूपाने संघाला अर्पण केली.

या दानातून जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. तिलोयपण्णत्तीसारखा प्राचीन प्राकृत ग्रंथ डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाने प्रकाशात आला. आसामचे विद्वान कृष्णकांत हंदिकी यांचा सोमदेवसूरींच्या यशस्तिलकावरील थोर अभ्यासग्रंथ १९४९ साली याच मालेत प्रसिद्ध झाला. सोलापूरच्या धनाने आसामच्या विद्वत्तेला व्यासपीठ दिले! ब्रह्मचारीजींचे १९५७ साली निधन झाले. तोपर्यंत दानाचे फळ त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले. मृत्युपत्रातील दान वारसांच्या हातून होते, हयातीतील दान स्वतःच्या हातून होते. शिवाय देण्यापूर्वी विचारणे आणि दिल्यानंतर कारभार सक्षम हातांत ठेवणे, हे दोन धडे त्यांच्या आचरणातून मिळतात. वर्गणीच्या पाटीवर नाव कोरून घेण्याची हौस असलेल्या काळात ते पुन्हा गिरवण्याजोगे आहेत.

दानाचे पहिले पात्र पुष्कळदा दाराशीच असते. ज्या मुनीमजींनी तीस वर्षे रोजमेळ लिहिला, ज्या गुमास्त्याने उभे राहून थानांमागून थाने उलगडून दाखवली आणि पुन्हा घडी घातली, त्यांच्या म्हातारपणाची सोय मालकाने पाहिली आहे का? दुकानाची सूत्रे मुलाकडे देताना या मंडळींचे देणेही चुकते झाले पाहिजे. त्यांच्या मुलांचे शिक्षण, त्यांचे औषधपाणी हेदेखील ज्ञानदान आणि औषधदानच होय.

घरातील एका व्यक्तीचा विचार निवृत्तीच्या चर्चेत बहुधा राहूनच जातो. पती दुकानातून निवृत्त होतो. पत्नी स्वयंपाकघरातून कधी निवृत्त होते? उलट तो दिवसभर घरी राहू लागल्याने तिचे काम वाढते. आनंदाच्या घरी शिवानंदाही व्रती होती. तेव्हा तीर्थयात्रा, स्वाध्याय आणि सामायिक यांत तिचा बरोबरीचा वाटा असावा, आणि त्यासाठी घरकामातील काही वाटा निवृत्त पुरुषाने उचलावा. यात कमीपणा नाही. पाणी गाळण्यापासून धान्य निवडण्यापर्यंतची कामे यत्नाने केली तर तीही अहिंसेची उपासना आहे.

मोकळा वेळ रिकामा राहिला तर तो तक्रारीने भरतो. सकाळी अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक, नंतर थोडा स्वाध्याय, दुपारी एखाद्या संस्थेचे हिशेब तपासण्याची विनामूल्य सेवा, सायंकाळी सूर्यास्तापूर्वी नातवंडांसह भोजन आणि त्यांना एखाद्या महापुरुषाची कथा, असा साधा क्रमही दिवसाला अर्थ देतो. नातवंडे उपदेशापेक्षा आचरण पाहतात. आजोबा रागाच्या क्षणी मौन धरतात, हे एकदा पाहिलेले मूल क्षमेचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

दिवाळीला भगवान महावीरांचे निर्वाणकल्याणक असते आणि व्यापारी मंडळी वहीपूजन करतात. त्या मंगल दिवशी नवी वही मांडताना प्रत्येक ज्येष्ठाने आणखी एक पान लिहावे. कोणती जबाबदारी कोणत्या तारखेला कोणाकडे जाईल, तीन भाग कसे होतील, कोणाचे देणे राहिले आहे आणि कोणाची क्षमा मागायची आहे, हे त्यावर नोंदवावे. ते पान पत्नी, मुलगे, सुना आणि लेकी यांना वाचून दाखवावे. जे कुटुंब हे पान एकत्र बसून ऐकेल, त्या घरात किल्ल्यांचा जुडगा हातातून हाती जाईल आणि मायाही त्याच्याबरोबर पुढे जाईल.

सर्वांच्या उत्तरायुष्याला धर्माची आणि औदार्याची साथ लाभो, हीच जिनचरणी प्रार्थना. जयजिनेंद्र!