चौथीचा वर्ग कोणी घ्यायचा?



आज जरा नाजूक विषय काढतो आहे. ही गोष्ट पारावर बोलली जाते, पाणवठ्यावर बोलली जाते, एस.टी.च्या थांब्यावर तर चघळली जाते. फक्त जिथे बोलायला हवी तिथे, म्हणजे मुख्याध्यापकाच्या टेबलापाशी, कोणी बोलत नाही. एकाच शाळेत काम करणाऱ्या दोघांचे प्रेम जमले आणि त्यापायी कामाची हेळसांड होऊ लागली, तर काय करावे?

उपदेशापेक्षा माझी स्वतःची चूकच सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका खेड्यातल्या शाळेत मुख्याध्यापक होतो. सात वर्ग, सात शिक्षक. त्यांत सहावीचे एक गुरुजी आणि चौथीच्या एक बाई. दोघेही तरुण, दोघेही अविवाहित, शिकवायला दोघेही चांगले. त्यांचे एकमेकांवर मन जडले. यात वावगे काहीच नव्हते. सज्ञान माणसांनी कोणावर प्रेम करावे हे ठरवायला मुख्याध्यापक नेमलेला नसतो.

पण हळूहळू मधली सुट्टी संपली तरी दोघे ऑफिसात बोलत बसू लागले. चौथीचा वर्ग मॉनिटरच्या हवाली. एकाला उशीर झाला की दुसऱ्याने मस्टरवर सही ठोकून द्यायची. चौथीतलीच एक मुलगी दोघांच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे पोहोचवी. आणि ज्या दिवशी दोघांचे बिनसे, त्या दिवशी साऱ्या शाळेला चोरपावलांनी वावरावे लागे. तिसरीच्या बाई बिचाऱ्या दोन्ही वर्गांची पोरे एका खोलीत घेऊन बसत. म्हणतात ना, कुणाच्या म्हशी अन् कुणाला उठाबशी!

मी काय केले? दोन महिने काहीच केले नाही. आज थांबेल, उद्या थांबेल, असे म्हणत राहिलो. मग गावात कुजबुज वाढली, तेव्हा एके दिवशी बाईंना एकट्यांना बोलावले आणि म्हणालो, "बाई, लोक बोलतात. बरं दिसत नाही."

बाईंनी खाली मान घातली. गुरुजींना मी काहीच बोललो नाही. मस्टरचे नाव काढले नाही, चौथीच्या वर्गाचे नाव काढले नाही. आठ दिवसांत ही गोष्ट बाईंच्या घरापर्यंत गेली. त्यांचे वडील आले, मुलीला घेऊन गेले. रजेचा अर्ज आला, मागून राजीनामा आला. मी मनात म्हटले, सुंठीवाचून खोकला गेला!

गेला का? गुरुजी होते तिथेच राहिले, मधल्या सुट्टीनंतर उशिराच येत राहिले. आता एकटे, एवढेच. चौथीला वर्ष संपेपर्यंत शिक्षक मिळाला नाही. आणि एका चांगल्या शिक्षिकेची नोकरी गेली, ती कामात कसूर केली म्हणून नव्हे, तर "लोक बोलतात" म्हणून. तिने कसूर केली होती, हे खरे. पण त्या कसुरीबद्दल मी अवाक्षर काढले नाही. आणि ज्यात कसूर नव्हती, त्याची शिक्षा मात्र तिला झाली.

मंडळी, त्यानंतर मी एक गोष्ट शिकलो. अशा वेळी बोलायचे ते प्रेमाबद्दल नाही, कामाबद्दल. मधली सुट्टी किती वाजता संपते? चौथीचा वर्ग कोणी घ्यायचा? सही कोणाची, हात कोणाचा? हे प्रश्न साधे आहेत, त्यांत कोणाची अब्रू जात नाही, आणि त्यांना उत्तर द्यावेच लागते. शिक्षकाने नियमितपणे व वेळेवर शाळेत हजर राहावे, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कर्तव्य म्हणून लिहिले आहे. ते प्रेमात पडलेल्याला माफ नाही आणि न पडलेल्यालाही माफ नाही.

बोलायचे ते लवकर बोलावे, पहिल्याच आठवड्यात. तेव्हा दोन वाक्यांत भागते, दोन महिन्यांनी दोन तास पुरत नाहीत. दोघांना वेगवेगळे बोलवावे, पण शब्द दोघांनाही तेच वापरावेत. बाईंशी बोलताना शाळेतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाई जवळ असाव्यात. "अमुक तारखेला वर्ग वीस मिनिटे रिकामा होता," असे नेमके सांगावे. "लोक म्हणतात," हे दोन शब्द तोंडातून काढू नयेत. सुधारायला मुदत द्यावी. मुदतीनंतरही तेच चालले, तर दोघांनाही लेखी द्यावे आणि वर कळवावे. आणि मुलांच्या हाती चिठ्ठ्या देणे मात्र त्याच दिवशी बंद करावे. त्याला मुदत नाही.

जोडप्याचे लग्न झालेले असले तरी हाच नियम. साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक असतात, आणि कुठे कुठे ते दोघे नवराबायको असतात. चांगलीच गोष्ट आहे ती; घर एका जागी राहते. पण त्यांतला एक मुख्याध्यापकाचे काम पाहत असेल, तर दुसऱ्याच्या रजेचा न् हजेरीचा प्रश्न आला की त्याने तो स्वतः न मिटवता केंद्रप्रमुखांपुढे ठेवावा. त्याने दोघांचीही मान ताठ राहते.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्या. दोघांच्या राजीखुशीचे असेल, तोवर मी सांगितले ते लागू. पण एकाला नको असताना दुसरा मागे लागला असेल, तर ते प्रेम नव्हे, छळ आहे. तिथे मुख्याध्यापकाने समजूत घालत बसू नये. त्यासाठी 2013 चा कायदा आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या बाईंना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करावी लागते. त्यांना ती वाट दाखवणे, तक्रार लिहायला मदत करणे, हे आपले काम.

आता गावकऱ्यांना दोन शब्द. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, म्हणजे तुम्हीच. तुम्ही जरूर विचारा. पण काय विचारायचे? "आमच्या पोरांचा गणिताचा तास झाला का?" हे विचारा. "ती दोघं कुठं गेली होती?" हे विचारू नका. पहिल्या प्रश्नाने शाळा सुधारते. दुसऱ्याने एखाद्या मुलीचा जन्म उधळतो.

आपल्याकडे 1848 साली पुण्याच्या भिडे वाड्यात एका जोडप्याने मुलींची शाळा चालवली. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले. सावित्रीबाईंनी नवऱ्याला लिहिलेली पत्रे आज वाचायला मिळतात. 1856 सालच्या पत्रात त्या माहेरी, नायगावला, आजारातून उठत होत्या. तिथूनही त्यांना काळजी कसली? आपल्या मागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, याची. आमच्या तिसरीच्या बाईंची आठवण होते की नाही?

आणि 1868 सालच्या पत्रात आणखी एक हकीकत आहे. पंचांग सांगत फिरणारा एक ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य मानलेल्या जातीची एक मुलगी यांचे प्रेम गावाला कळले. गाव दोघांना मारायला उठला. सावित्रीबाई मध्ये पडल्या, दोघांचा जीव वाचवला आणि त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिले. शाळेच्या कामाला इतक्या काटेकोर असलेली बाई प्रेमाच्या बाबतीत अशी वागली. मला वाटते, दोन्ही गोष्टी एकाच मनातून येतात.

शेवटी, जी दोघे स्वतः या वाटेवर असतील त्यांना एवढेच सांगतो: तुमचा तास चोख असेल, तर तुमची बाजू घेणे आम्हाला सोपे जाते. तास रिकामा ठेवलात, तर तुमची बाजू घेणाऱ्याचे तोंड तुम्हीच बंद करता.

त्या शाळेतून बदली होऊन निघताना मी चौथीचे हजेरीपत्रक चाळले होते. डिसेंबरपर्यंत बाईंचे वळणदार अक्षर. पुढे तीन-चार जणांची अक्षरे, कुठे तर मॉनिटरचेच. तेव्हा बाईंशी आणि गुरुजींशी मी कामाबद्दल सरळ बोललो असतो, तर ते अक्षर बहुधा मार्चपर्यंत तसेच राहिले असते. तुमच्या शाळेत अशी वेळ आली, तर वेळेवर बोला, दोघांशी बोला, आणि कामाबद्दल बोला.

नमस्कार.