ज्योतीवरचा मणी
(ज्ञातिसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कासाराच्या मुलाने काचेविषयी बोलावे यात नवल ते काय, असे आपणांस वाटेल. परंतु आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या काच विकली, घडविली मात्र नाही. दुकानातील बांगड्या फिरोजाबादहून येत. बांगडी भरताना वडिलांच्या हातून कोणाच्या मनगटास कधी ओरखडा निघाला नाही. पण काच वितळते कशी, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

मी एका विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काचेची उपकरणे घडविण्याच्या कामास लागलो. नळी ज्योतीत अखंड फिरवीत राहावयाची. हात थांबला की काच एका अंगास ओघळते, एवढे तेथे शिकलो. एके संध्याकाळी सहज दुकानातील फुटक्या बांगडीचा तुकडा वितळवून प्रयोगशाळेच्या काचकांडीवर चढविला. काही वेळातच तो तडकून निघाला. प्रयोगशाळेची बोरोसिलिकेट काच उष्णतेने जेवढी प्रसरण पावते, त्याच्या सुमारे तिप्पट बांगडीची सोडा-काच पावते. दोहोंचे सख्य जमावे कसे? मग सोडा-काचेच्या कांड्या आणल्या, पोलादी सळईस चिनी मातीचा लेप दिला आणि तिच्यावर पहिला मणी वळला. लेप असल्यामुळे मणी सळईवरून निघतो व भोक आपोआप राहते.

ही विद्या जुनी आहे. व्हेनिसच्या राज्याने १२९१ साली काचभट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या. पुढे तेथील कारागीर तेलाच्या दिव्याच्या ज्योतीस वारा देऊन तीवर मणी करू लागले. म्हणून यास दिव्यावरचे काम म्हणतात. २०२० साली इटली व फ्रान्समधील काचमण्यांच्या कलेस युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

आता माझी चूक सांगतो. परिचयातील एका मुलीच्या लग्नासाठी मंगळसूत्राच्या वाट्यांच्या दोहो बाजूंस घालावयाचे दोन काळे मणी मजकडे मागितले. घाई होती. मणी ज्योतीतून काढून विजेच्या भट्टीत न ठेवता मी ते गरम राखेत पुरले. दुसऱ्या दिवशी ते झकास दिसत होते. काचेचा बाहेरचा थर आधी निवून घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो. ही ओढाताण डोळ्यांस दिसत नाही, पण काचेत कोंडून राहते आणि पुढे केव्हातरी किंचित धक्क्यानेही मणी तडकतो.

दोन महिन्यांनी मुलीची आई कापसात गुंडाळलेले दोन तुकडे घेऊन आली. म्हणाली, “दादा, मणी वाढला. सासरी बोलणे सुरू झाले आहे.”

बंधुभगिनींनो, आपल्या दुकानांत बांगडी कधी ‘फुटत’ नाही, ती ‘वाढते’. या शब्दामागील माया मी जाणतो. पण त्या क्षणी तो शब्द माझ्या फार सोयीचा होता. नवा मणी देऊन मी गप्प बसलो असतो, तर दोष त्या मुलीच्या नशिबाकडे गेला असता.

मी तिच्या सासरी गेलो आणि तिच्या सासूबाईंना म्हणालो, “काकू, हा मणी वाढला नाही, तडकला, आणि तो माझ्या कामचुकारपणाने तडकला. यात सूनबाईंचे काही नाही.” त्यांनी सर्व ऐकून घेतले व एवढेच विचारले, “मग घाई होती, हे तेव्हाच का नाही सांगितलेत?” मजजवळ उत्तर नव्हते. त्या खेपेचे बाकीचे मणी मी घरोघर जाऊन परत घेतले व बदलून दिले. तेव्हापासून प्रत्येक मणी सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत मुरवून रात्रभर सावकाश निववितो. लग्नघर कितीही घाईत असो, मणी दुसऱ्या दिवशीच मिळतो.

आपल्यातील तरुण मुलामुलींनी ही कला अवश्य शिकावी. रंग व नक्षी सरावाने येतील. पण काच विकणाऱ्याने नव्हे, तर घडविणाऱ्याने ‘वाढला’ म्हणू नये. ‘माझ्या हातून तडकला’ म्हणावे.