दुर्बीण बाजूला ठेवण्याची वेळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ग्वारीघाट येथे दिलेले भाषण)



नर्मदामाईच्या काठी पित्ताशयावर बोलणे हा योग जरा चमत्कारिकच. पण संयोजकांचा आग्रह मोडवला नाही, आणि पित्तखडे आपल्या मंडळींना काही परके नाहीत.

१८८२ साली बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी प्रथम पित्ताशय काढले. पुढे शंभर वर्षे पोट उघडणे हाच मार्ग होता. १९८५ साली जर्मनीतच म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून काढले आणि १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ही विद्या भारतात आणली. आता तीनचार छिद्रे पडतात आणि रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जातो. त्यामुळे पोट उघडावे लागले, की घरच्यांना ती फसवणूक वाटते.

काही वर्षांपूर्वी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे आले. मी दुर्बिणीने आरंभ केला, पण पित्ताशय आतड्याला असे चिकटलेले होते, की पित्ताशयाची नळी कोणती आणि यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका कोणती, हे उमगेना. ही मुख्य नलिका चुकून कापली गेली, तर रुग्णाला जन्मभराचे दुखणे लागू शकते. तरीही मी तासभर रेंगाळलो. कारण सांगायला लाज वाटते. पण ते कौशल्य नव्हे, अभिमान होता. अखेर पोट उघडले आणि काका बरे झाले. बाहेर त्यांचा मुलगा म्हणाला, “दुर्बीण सांगितलीत आणि पोट फाडलेत!” त्याचा राग रास्त होता, कारण आधी मी तशी शक्यता बोललोच नव्हतो.

ती आधी सांगता आली असती का? बऱ्याच अंशी. रंधावा आणि पुजहारी या भारतीय शल्यचिकित्सकांनी २००९ साली १५ गुणांची एक सोपी मोजणी प्रसिद्ध केली. पित्ताशयाच्या दाहामुळे पूर्वी रुग्णालयात राहावे लागले असेल, तर एकदम ४ गुण. सोनोग्राफीत भिंत ४ मिलिमीटर वा अधिक जाड असेल, तर २. पुरुष असल्यास १, वय पन्नाशीपलीकडे असल्यास १. स्थूलपणा, पोटावरील जुना व्रण, मानेत अडकलेला खडा यांचेही गुण आहेत. ५ पर्यंत शस्त्रक्रिया सोपी, ६ ते १० अवघड, त्यापुढे फारच अवघड. काकांचे ८ होत होते. कागद माझ्यासमोर होते. मी बेरीज केली नव्हती.

ही मोजणी म्हणजे भविष्यवाणी नव्हे. कमी गुणांचे पित्ताशयही कधी घाम फोडते. पण पलीकडच्या गुरुद्वाराकडे नाव नेणारा नावाडी आधी पाणी पाहतो, आणि पूर चढला की नाव काठाला बांधतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

आता मी संमतिपत्रापूर्वी गुण मांडून दाखवितो आणि ‘पोट उघडावे लागेल’ हे शब्द स्पष्ट उच्चारतो. काही जण घाबरून दुसरीकडे जातात, जावोत.

यंदा तोच मुलगा आपल्या आईला घेऊन आला. अहवाल टेबलावर ठेवून त्याने पहिलाच प्रश्न केला, “डॉक्टरसाहेब, आईचे गुण किती?”

दोन निघाले.