भंगार, रोजगार आणि आपला मोहल्ला

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण. वक्ते, बी.ए., बी.एड., हे संस्थेच्या माध्यमिक शाळेत सहशिक्षक आहेत.)





पालक मेळाव्यात शिक्षकाने निकाल, हजेरी आणि गृहपाठ यांवर बोलावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. मी मात्र आज भंगारावर बोलणार आहे. हा विषय शाळेबाहेरचा नाही, हे थोड्याच वेळात आपल्या ध्यानात येईल.

दोन वर्षांपूर्वी पाचवीच्या प्रवेशाचे अर्ज मी तपासत होतो. एका मुलीच्या अर्जात आईच्या व्यवसायापुढे ‘घरकाम’ असे लिहिले होते. तिची आई पहाटे गोणी घेऊन बाहेर पडते, कागद, प्लॅस्टिक, पत्रा वेचते आणि दुपारी काट्यावर घालून चार पैसे घरी आणते, हे मला ठाऊक होते. मी मुलीला बाजूला घेऊन विचारले. ती मान खाली घालून म्हणाली, “सर, खरं लिहिलं तर मुली हसतील.”

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. आपण मुलांना कोणती तालीम देत आहोत? जी कमाई हलाल आहे, जिच्यावर घरची चूल पेटते, तिची लाज वाटावी अशी?

जरा मागे वळून पाहा. जुनी गादी पिंजून नवी करून देणारा पिंजारी आपल्याच समाजातला. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारा आपलाच. छत्री, स्टोव्ह, सायकल, घड्याळ दुरुस्त करणारे कितीतरी हात आपल्याच मोहल्ल्यांतले. दारोदार फिरून जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीणही आपणां सर्वांना आठवत असेल. ‘पुनर्वापर’ हा जड शब्द तेव्हा कोणाला माहीत नव्हता, पण काम तेच होते. वस्तू फेकायची नाही, तिचे आयुष्य वाढवायचे, आणि त्या आयुष्यावर आणखी एका घराचे पोट भरायचे.

भंगाराच्या कामाला अक्कल लागत नाही, असे काहींना वाटते. त्यांनी एकदा भंगाराच्या दुकानात तासभर बसून पाहावे. पाण्याची बाटली वेगळी, तिचे झाकण वेगळे, दुधाची पिशवी वेगळी, बादलीचे प्लॅस्टिक वेगळे. जाणता कामगार हाताने दाबून, वाकवून, आवाज ऐकून माल ओळखतो. लोखंड, बीड, तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम यांचे भाव निरनिराळे असतात. सगळे एकत्र विकले तर मातीमोल दर मिळतो. तेच निवडून, कोरडे व स्वच्छ करून विकले तर त्याच मालाचे जास्त पैसे होतात. मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये कित्येक दशके हेच काम चालत आले. प्लॅस्टिक निवडायचे, धुवायचे, वाळवायचे, दळायचे आणि त्याचा दाणा करून कारखान्याला विकायचा. आपल्या समाजातील हजारो कामगारांनी त्यावर संसार उभे केले.

देशालाही याचा लाभ आहे. खनिजापासून अ‍ॅल्युमिनियम काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्यापैकी सुमारे ९५ टक्के ऊर्जा जुने अ‍ॅल्युमिनियम वितळवून वापरल्यास वाचते. काच तर पुन्हा पुन्हा वितळवता येते.

आणि माल निवडला नाही तर? तोही अनुभव आपल्यासमोर आहे. मुंबईचा कचरा देवनारला १९२७ पासून टाकला जात आला. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला मोठी आग लागली. धुराने आसपासच्या वस्त्या कोंडल्या आणि त्या भागातील महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहते, हे मी आपणांस सांगायला नको. शहराने जे एकत्र करून फेकले, त्याचा धूर गरिबाच्या मुलाच्या छातीत गेला.

आता पुण्याकडे वळू या. १९९०च्या सुमारास एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या पुण्यातील काही कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवू लागल्या. मुले अक्षरे गिरवीत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कचराकुंडीवर दिसत. कारण उघड होते. आईची कमाई अपुरी होती, म्हणून मुलाच्या हातांचीही गरज पडत होती. तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रश्नाचे मूळ धरले. घरोघरचा कचरा वेगळा केलेला, सुका असा थेट या बायांच्या हाती आला, तर त्यांना कुंडीत हात घालावा लागणार नाही व चांगल्या मालाचे पैसेही जास्त येतील. यातूनच १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांचे तिला पाठबळ होते. पुढे महापालिकेने वेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. ज्या बाईला कालपर्यंत चोर समजून हाकलले जात होते, तिच्या गळ्यात आता तिच्या कामाची खूण आली.

२००८ मध्ये याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला. दारोदार जाऊन ओला व सुका कचरा गोळा करायचा, प्रत्येक घराकडून ठरावीक मासिक शुल्क घ्यायचे आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे ज्याने तो गोळा केला त्यानेच ठेवायचे, अशी ती व्यवस्था होती. तीन हजारांहून अधिक कष्टकरी तीत सामील झाले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

या व्यवस्थेतली एक गोष्ट ध्यानात घ्या. भंगाराचा भाव आज चढतो, उद्या पडतो. २००८च्या अखेरीस जगभर मंदी आली तेव्हा रद्दी, पत्रा, प्लॅस्टिक सगळ्यांचे दर एकदम कोसळले. केवळ विक्रीवर जगणारा अशा वेळी कर्जात बुडतो. शुल्क आणि विक्री असे दोन पाय असले, तर एक लंगडला तरी माणूस उभा राहतो.

आपल्या देशाबाहेरचेही एक उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये घरांची भयंकर टंचाई होती. १९४९ साली पॅरिसजवळ ‘एमाऊस’ नावाची वसाहत सुरू झाली. ज्यांना घर नाही, काम नाही, अशी माणसे तेथे एकत्र राहू लागली. लोकांच्या घरचे जुने फर्निचर, कपडे, भांडी ती गोळा करीत, दुरुस्त करीत आणि विकत. दानावर नव्हे, आपल्या कामावर जगायचे, हा त्यांचा बाणा होता. पुढे ही चळवळ अनेक देशांत पसरली. तेथे खुर्ची मोडून सरपण करीत नाहीत, तिचा पाय बसवून ती खुर्ची म्हणूनच विकतात. यात मोठा हिशेब आहे. शर्टाची चिंधी केली तर किलोवर जाते, शर्ट म्हणून विकला तर नगावर जातो. दुरुस्ती करणाऱ्याला काम मिळते आणि गरिबाला स्वस्त, धड वस्तू मिळते.

बंधू-भगिनींनो, मग आपल्या मोहल्ल्यात हे का होऊ नये? संस्थेच्या मागच्या आवारात पत्र्याची एक जुनी शेड रिकामी पडून आहे. तेथे एक वापर केंद्र सुरू करावे, अशी माझी नम्र सूचना आहे. सुरुवातीला चार गोष्टी पुरेत. पहिली, वर्ष संपताच पाठ्यपुस्तके, गणवेश आणि दप्तरे जमा करून, शिवून-सांधून जूनमध्ये रास्त दरात द्यावीत. दुसरी, पंखा, मिक्सर, सायकल, शिलाई मशीन यांच्या दुरुस्तीसाठी आपल्याच कारागिरांना आठवड्यातून काही दिवस बसायला जागा द्यावी. तिसरी, फेरीवाल्यांना व वेचणाऱ्या भगिनींना माल निवडण्यासाठी सावली, पाणी, हातमोजे आणि खरा काटा मिळावा. चौथी, प्रत्येकीचा हिशेब वहीत लिहिला जावा, म्हणजे तिला व्यापाऱ्याच्या उचलीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

हा खैरातीचा कार्यक्रम नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो. खैरात घेणाऱ्याची मान खाली जाते, कामाचा मोबदला घेणाऱ्याची मान वर राहते. आणि ज्या गल्लीत घरोघरचा कचरा वेगळा होऊन उचलला जातो, तेथे नाक्यावर उकिरडा साचत नाही, गटार तुंबत नाही. मोहल्ल्याचे रूप असेच गल्ली-गल्लीतून पालटते.

या धंद्यात वाईटही बरेच आहे, ते झाकून चालणार नाही. तांबे काढण्यासाठी वायरी जाळतात, त्या धुरात विष असते. काही ठिकाणी शाळेच्या वयाची मुले गोण्या उपसताना दिसतात. म्हणून माझ्या सूचनेला दोन अटी आहेत. या केंद्रात काहीही जाळले जाणार नाही, आणि शाळेच्या वेळेत एकही मूल निवडायला बसणार नाही. मुलाने शेडमध्ये यावे ते पुस्तक घ्यायला, किंवा शाळा सुटल्यावर सायकलची दुरुस्ती शिकायला.

पालकांसाठी आता एक कामाची माहिती. अस्वच्छ व जोखमीच्या कामांतील पालकांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. तिच्यात कचरा वेचकांची मुलेही येतात आणि तिला जात-धर्माची अट नाही. पण त्यासाठी व्यवसायाचा दाखला लागतो. आपण अर्जात ‘घरकाम’ लिहिले, तर मुलाचा हक्क आपल्याच हाताने बुडवला. शिवाय २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरा वेचकांचा स्पष्ट उल्लेख करून त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले गेले. सरकारच्या कागदावर ज्या कामाला नाव मिळाले, ते आपल्या अर्जावर का लपवावे?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापाशी माझे एकच मागणे आहे. वर्गात कोणी आई-वडिलांचा धंदा खरा सांगितला, तर हसू नका. उद्या तुमच्यातला कोणी इंजिनियर होईल, त्याने निवडलेले प्लॅस्टिक दळण्याचे स्वस्त यंत्र बनवावे. कोणी हिशेबनीस होईल, त्याने या केंद्राची वही तपासावी.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून मी आपली रजा घेतो. पुढच्या वर्षी तिची आई स्वतः शाळेत आली. सही करता येत नव्हती, म्हणून तिने अंगठा दिला. व्यवसायाच्या रकान्याशी आल्यावर मी थांबलो. ती म्हणाली, “लिहा सर, कागद-काच-पत्रा वेचते. खोटं कशाला लिहायचं? मी चोरी थोडीच करते.” मुलगी शेजारीच उभी होती. या वेळी तिने मान खाली घातली नाही.

मी ते लिहिले. आता ती शेड उघडणे आपणां सर्वांच्या हाती आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.